आधी वाचा, मग रागवा

मेश्राम सरांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते आधी तो उलटा करून पाठीमागची बाजू बघत. लग्नपत्रिका असो, बँकेचं पत्र असो, नाहीतर पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात. मागे काही नसलं तरी दोन क्षण बघत आणि मग कागद सुलटा करून वाचायला लागत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "समोरची बाजू तर दाखवायसाठीच असते, ताई. शिक्का, तारीख, पेन्सिलीची खूण, हे सारं मागे."

त्यांची माझी ओळख झाली ती चौऱ्याऐंशी साली. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात सनीव्हेलला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. माझा नवरा विनायक सांता क्लाराच्या एका चिप कंपनीत इंजिनियर, मुलगा तीन वर्षांचा, आणि मी घरात. सिटिझनशिपचा अर्ज करायची वेळ जवळ आली होती. परीक्षेला विचारतात त्या प्रश्नांची यादी विनायकने कुठूनशी आणून दोन दिवसांत पाठ केली आणि फ्रिजवर चिकटवून माझ्यासाठी सोडून दिली. राज्यं किती, सिनेटर किती, झेंड्यावर पट्टे किती. मला पाठांतराचा शाळेपासून कंटाळा. त्याच सुमारास महाराष्ट्र मंडळाच्या पत्रकात खाली कोपऱ्यात हाताने लिहिलेली चार ओळींची सूचना आली. अमेरिकेचा इतिहास, दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, लायब्ररीच्या मागच्या खोलीत. शेवटची ओळ अशी होती: पाठांतर करून घेतलं जाणार नाही. त्या ओळीसाठी मी गेले.

खोलीत चौदा माणसं होती आणि समोर टाय लावलेले मेश्राम सर. शनिवारी सकाळी कॅलिफोर्नियात टाय लावलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, बारीक अंगकाठी, पन्नाशीच्या आतबाहेरचं वय, आणि काखेत पुठ्ठ्याचं एक चपटं खोकं. ते नागपूरचे. तिथल्या विद्यापीठाचे इतिहासातले एम. ए. आणि बारा वर्षं हायस्कूलमधले मास्तर. त्यांच्या पत्नी सिंधूताई नर्स. अमेरिकेला नर्सेस हव्या होत्या, इतिहासाचे मास्तर नको होते. सिंधूताई आल्या आणि सर त्यांच्यामागून आले. त्यांची डिग्री इथे कोणी मानली नाही. सरांना एका कंपनीच्या डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये नोकरी मिळाली. म्हणजे इंजिनियरांनी काढलेली ड्रॉइंगं सांभाळायची, कुठली नवी, कुठली जुनी, कोणी काढलं, कोणी मंजूर केलं, हे बघून शिक्के मारायचे. दुसरा कोणी यात कष्टी झाला असता. सर मात्र सांगायचे की आपण आयुष्यभर हेच करत आलो, आता त्याला एअर कंडिशनर मिळाला एवढंच.

आणखी एक गोष्ट. मेश्राम हे आडनाव ऐकल्यावर खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला जे कळायचं ते कळलं होतं. त्याबद्दल कोणी कधी एक शब्द काढला नाही. आम्ही त्याला आमचा सुसंस्कृतपणा समजत होतो.

सरांची शिकवण्याची पद्धत सोपी होती. पुस्तक नाही, फळा नाही. खोक्यातून एक कागद निघायचा, प्रत्येकाला त्याची झेरॉक्स मिळायची. जुना, अस्सल कागद, त्या त्या काळातल्या माणसाने स्वतः लिहिलेला. कधी जहाजातल्या प्रवाशांची यादी, कधी रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या मजुरांबद्दल मुकादमाने साहेबाला पाठवलेलं पत्र, कधी गिरणीतल्या पोरींसाठीचे नियम. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, वाचायचं. पुढचा अर्धा तास चांगलं-वाईट असं काही म्हणायचं नाही, फक्त विचारायचं. हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? लिहिणाऱ्याला काय हवं होतं? आणि शेवटचा प्रश्न नेहमी सरांचा असे: या कागदात कोण आहे, पण बोलत नाही?

कोणी मध्येच भडकून काही म्हणालं की सर हातातली लाकडी पट्टी हळूच टेबलावर ठेवत. "आधी वाचा, मग रागवा. कागद कुठे पळून चालला?"

आमच्यात करंदीकर काका म्हणून एक होते. पुण्याचे, वयाने सगळ्यांत मोठे, कंपनीत फार वरच्या जागेवर, नावावर दोन पेटंटं. कुठल्याही गोष्टीत चूक काढून दाखवणं हा त्यांचा धंदाही होता आणि विरंगुळाही. एका शनिवारी सरांनी अमेरिकेची घटना वाटली. ते कधी कॉन्स्टिट्यूशन म्हणत नसत, घटनाच म्हणत. प्रत्येकाला एक लाल पेन्सिल दिली आणि सांगितलं, नंतरच्या दुरुस्त्या सोडा, मूळ मजकुरात 'गुलाम' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करा. त्या काळी या देशात लाखो गुलाम होते, तेव्हा शब्द असणारच. आम्ही वाकून शोधायला लागलो. अर्ध्या तासाने करंदीकर काका म्हणाले की तुमची कॉपी अपुरी दिसते. सर म्हणाले, असेल. काका तरातरा बाहेर गेले आणि लायब्ररीतलं जाडजूड बांधीव पुस्तक घेऊन आले. आणखी वीस मिनिटं त्यांची पेन्सिल ओळींवरून फिरत होती. सर शेजारी जाऊन उभे राहिले.

"काय शोधून राहिले, भाऊ?"

"नाहीच्चे शब्द," काका म्हणाले. "इतर व्यक्ती म्हटलंय. कामाला बांधलेल्या व्यक्ती म्हटलंय. शब्द कुठेच नाही."

मग लाज वाटली म्हणून टाळला की हुशारीने टाळला, यावर बारा वाजून गेले तरी भांडण चाललं. लायब्ररीच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. सर त्या दिवशी इतके खुशीत होते की पार्किंग लॉटमध्ये गाडीची डिकी उघडून त्यांनी सगळ्यांना थर्मासमधला आल्याचा चहा पाजला. चहा स्वतः करून आणायचे. सिंधूताईंची शनिवारी ड्यूटी असे. गाडी म्हणजे जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन. फ्रीवेवर ते ती उजव्या लेनमधून इतकी हळू चालवत की ट्रकवाले हॉर्न देऊन जात. त्या प्रत्येकाकडे सर हात वर करून बघत, त्याने नमस्कार केल्यासारखे.

एक कागद मला अजून दिसतो. पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्याबद्दल मालकाने वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात. आम्ही सगळ्यांनी मालकाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. सरांनी विचारलं, पळालेल्या माणसाबद्दल काय काय कळलं? तेव्हा एकेक निघायला लागलं. उंची, कपाळावरचा व्रण, तो व्रण कसा आला हे मालकाने लिहिलं नव्हतं ही गोष्ट, त्याला वाचता येत होतं, जाताना त्याने फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, बरोबर नेलं होतं, आणि त्याची बायको दुसऱ्या परगण्यात होती. सर म्हणाले, मालकाने हे पकडण्यासाठी लिहिलं, पण एवढ्या वर्षांनी आपल्याला मालक भेटत नाही, तो भेटतो. मग पट्टी उचलून त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बायकोकडेच गेला असेल," ते म्हणाले. "फिडल घेऊन दुसरीकडे कुठे जाते माणूस?"

शहाऐंशी साली आम्ही घर घ्यायचं ठरवलं. महायुद्धानंतर जर्दाळूच्या बागा तोडून बांधलेल्या वस्तीतलं, तीन बेडरूमचं. खरेदीच्या वेळी कागदांचा एक मोठा गठ्ठा हातात देतात, तो कोणी वाचत नाही. विनायकने सह्या केल्या. मला सरांची सवय लागलेली. मुलगा झोपला की मी रोज थोडी पानं वाचत असे. गठ्ठ्याच्या तळाशी त्या वस्तीचे मूळ नियम होते, चाळीस वर्षांपूर्वीचे. कोंबड्या पाळू नयेत, कुंपण किती उंच असावं, आणि त्यातच एक कलम, की गोऱ्या वंशाखेरीज कोणीही या घरांत राहू नये. मालकाकडे राहणारे नोकर तेवढे चालतील.

मी घर दाखवणाऱ्या एजंट बाईला फोन केला. ती म्हणाली, डोंट वरी हनी, ते कधीच रद्द झालंय, कायद्याने त्याला काही किंमत नाही, सगळ्या जुन्या घरांच्या कागदांत असतं. खरंच होतं ते. तरी मला त्या नव्या घराच्या स्वयंपाकघरात उभं राहवेना. शनिवारी मी तो कागद वर्गात नेला.

सरांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून वाचला, बाहेरच्या मशीनवर त्याच्या प्रती काढून आणल्या. मी म्हणाले, रद्द झालेला कागद आहे. त्यांनी मान हलवली. त्यांच्या ऑफिसात रद्द झालेलं ड्रॉइंग फेकत नसत, तसा शिक्का मारून जपून ठेवत, कारण मशीन बिघडलं की तेच आधी काढून बघावं लागे. मग नेहमीसारखी पाच मिनिटं शांतता झाली. पण त्या दिवशी पुढचा अर्धा तास कोणी पाळला नाही. सगळे एकदम बोलायला लागले. आपण इथे टॅक्स भरतो, यांच्या चिपा बनवतो, आणि आपल्याला हे नोकरांच्या रांगेत बसवणार. पट्टी दोनदा टेबलावर ठेवली गेली, कोणाचं लक्ष नव्हतं. करंदीकर काकांचा चेहरा लाल झाला होता.

"आपल्याकडे काय वाटेल ते असेल," ते म्हणाले, "पण निदान असलं कोणी लिहून ठेवत नाही."

सर शांतपणे म्हणाले, "नाही ठेवत. बरोबर आहे तुमचं." कागद गोळा करताना त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या शनिवारी ते स्वतःच्या घरातला एक कागद आणतील.

पुढच्या शनिवारी ती दोन पोस्टकार्डं होती. मराठीतली, वीसेक वर्षांपूर्वीची. प्रत्येकाला दोन्हींची झेरॉक्स, पुढची-मागची. पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव सरांनी पांढरी पट्टी चिकटवून झाकलं होतं. पाच मिनिटं झाली. मग सरांनी विचारलं, कोणी लिहिलं, कोणासाठी?

पहिल्या कार्डावर एका गृहस्थांनी नव्या गावी बदलून येणाऱ्या मास्तरांना कळवलं होतं की हेडमास्तरांकडून आपल्याबद्दल ऐकलं, आमच्या घरची पुढची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन येतं, नळ वेगळा आहे. आणि आमच्या मंडळींचं म्हणणं आहे की बिऱ्हाड लागेपर्यंत आपण जेवायला आमच्याकडेच यावं. अक्षर वळणदार, मायना मोठा प्रेमळ. दुसरं कार्ड बारा दिवसांनंतरचं, त्याच हाताचं. आपलं पत्र पावलं. कळवण्यास वाईट वाटतं की पुतण्याचं शिक्षणासाठी आमच्याकडे येणं अचानक ठरल्यामुळे खोली देता येत नाही. आपल्यासारख्या विद्वान माणसाला कुठेही जागा मिळेलच. लोभ असावा.

कोणीतरी म्हणालं, पुतण्या आला, त्यात काय? सर म्हणाले, कार्डावर एवढंच आहे खरं. आणखी काही दिसतं का बघा.

करंदीकर काकांनी दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. दोन ड्रॉइंगं ताडून बघावीत तसं ते वरून खाली बघत गेले. मजकूर संपल्यावर त्यांनी पत्त्याच्या बाजू समोर घेतल्या आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिल्यावर लिहिलं होतं, 'सुखदेव मास्तर यांस, द्वारा हेडमास्तर'. दुसऱ्यावर होतं, 'श्री. सुखदेव तुकाराम मेश्राम'. शेवटचा शब्द उच्चारला आणि काका थांबले. मधल्या बारा दिवसांत सरांनी आभाराचं पत्र पाठवलं होतं आणि खाली आडनावासकट पूर्ण सही केली होती. खोलीत सगळ्यांना ते एकदमच कळलं.

"छान वाचलंत, भाऊ," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. चांगलं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणावं तसंच ते होतं.

नाव का झाकलंत, असं एकांनी विचारलं. सर म्हणाले, त्यांची मुलं असतील कुठे तरी. इकडेही आली असतील.

मी खाली मान घालून बसले होते. ते अक्षर माझ्या वडिलांचं नव्हतं. भाषा मात्र त्यांचीच होती. तो नम्रपणा, तो पुतण्या, ते 'लोभ असावा'. आमच्या घरात कोणाला कधी वाईट शब्दाने नाही म्हटलं गेलं नाही, आणि कोणाकोणाला नाही म्हटलं गेलं ते मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या एकेक आठवायला लागलं.

वर्ग सुटल्यावर डिकी उघडली, पण चहाला आम्ही तिघं-चौघंच थांबलो. सरांनी कप माझ्या हातात दिला. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "सर, आमच्या घरी असं काही नव्हतं हं."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि "बरं," एवढंच म्हणाले. चहा माझ्या घशाखाली उतरेना. मी भरलेला कप तसाच गाडीच्या कडेवर ठेवला, मुलाला आणायचं आहे असं सांगितलं आणि निघाले.

वर्गात चौदाचे सात झाले. कोणी कारण सांगितलं नाही. कोणाच्या मुलाचं सॉकर सुरू झालं, कोणाचे पाहुणे आले. करंदीकर काकाही येईनासे झाले. सर साडेनऊला येऊन चौदा खुर्च्या मांडत राहिले. कमी मांडा असं मी सुचवलं, तर म्हणाले की खुर्ची रिकामी असली तर येणारा येतो, नसली तर दारातून परत जातो.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी करंदीकरांची अनिता आली. सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, पायात जाळीदार मोजे, केस फुगवलेले. तिच्या शाळेत इतिहासाच्या परीक्षेला जुने कागद देतात आणि त्यांवरून निबंध लिहायला सांगतात. डॅडने सांगितलं की मेश्राम अंकल इज द बेस्ट. डॅड कुठे आहेत, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "ही इज इन द कार." ते बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसून पेपर वाचत होते. दोन तास.

असे पाच-सहा शनिवार गेले. अनिता हुशार होती, आम्हाला न सुचणारे प्रश्न विचारायची. एक दिवस तिने फोल्डरमधून ती पोस्टकार्डांची झेरॉक्स काढली. डॅडच्या ड्रॉवरमध्ये सापडली होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं आणि डॅड काही सांगेनात. तिने सरांनाच वाचून दाखवायला सांगितलं. आम्ही बाकीचे जागच्या जागी आकसलो. सरांनी मात्र पट्टी घेतली आणि ओळीखाली धरून दोन्ही कार्डं तिला इंग्रजीत समजावून सांगितली. आडनावावरून काय कळतं तेही सांगितलं, आपल्या समाजाचं जुनं नाव घेऊन, जे नाव त्या खोलीत तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. आपण बौद्ध कधी झालो आणि का, तेही सांगितलं.

"बट व्हाय डिडन्ट दे जस्ट से इट?" अनिता म्हणाली. मग तिने विचारलं, "आर यू मॅड ॲट देम, अंकल?"

सर मराठीत बोलले, सावकाश, तिला कळेल असं. "होतो ना बेटा. अजून आहे. पण राग आला की अक्षर दिसत नाही. म्हणून वाचताना तेवढा बाजूला ठेवतो. फेकत नाही."

त्या दिवशी घरी जाताना गाडीत तिचं आणि वडिलांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी तिच्यामागून करंदीकर काका आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. सरांनी त्यांना कागद दिला. काकांनी तो उलटा करून पाहिला. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही आणि सरांनीही वाट पाहिली नाही. बारा वाजता ते शेवटपर्यंत थांबले आणि सरांबरोबर सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं.

आमच्यातले सगळे एकेक करून नागरिक झाले. राहिले फक्त सर. सिंधूताईंनी केव्हाच शपथ घेतली होती. सरांचा अर्ज त्यांच्या टेबलावर भरून पडलेला असे, सही तेवढी नाही. सिंधूताई मोठ्या सरळ बाई. दिवसभर माणसांना उचलून-ठेवून आलेल्या, घरी कोड्यात बोलायला त्यांना वेळ नव्हता. एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "मी इथली आणि हे तिथले. उद्या हॉस्पिटलात पडले तर नवरा म्हणून कोणता देश लिहू?" त्यांच्या हॉलमध्ये दोन फोटो होते, एक बुद्धाचा आणि दुसरा ज्यांनी आपली घटना लिहिली त्यांचा. सरांनी त्या दुसऱ्या फोटोकडे बघितलं. महिन्याभराने त्यांनी सही केली.

शपथविधी अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात होता, सॅन होजेला. सिंधूताई ड्यूटीवरून परस्पर येणार होत्या, म्हणून सरांना मी नेलं. ते मागच्या सीटवर बसायला निघाले होते, मी पुढे बसवलं. टाय नवा होता. फ्रीवेला लागल्यावर त्यांनी त्याची गाठ नीट केली. मग आपणहून सांगायला लागले. वडिलांना अक्षरओळख नव्हती. देशाची घटना झाली तेव्हा सर शाळकरी होते. गावातल्या मास्तरांनी वस्तीत येऊन तिचं पहिलं पान वाचून दाखवलं. वडिलांनी विचारलं, यात आपण कुठे आहोत? मास्तर म्हणाले, पहिलाच शब्द 'आम्ही' आहे, त्यात.

"इथलीही त्याच शब्दानं सुरू होते," सर म्हणाले. "इथल्या 'आम्ही'त शिरायला लोकांना शंभर-दीडशे वर्षं लागली. आम्ही तिकडे पहिल्या दिवशी होतो. कागदावर तर कागदावर, पण होतो. आज त्यातून उठून चाललो."

फ्रीवे सोडल्यावर पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी दुसरंच बोलून गेले. दोन वर्षं मनात होतं ते.

"सर, त्या दिवशी मी खोटं बोलले. आमच्या घरी तसंच होतं."

"माहीत होतं, ताई. तुम्ही कप भरलेलाच ठेवला होता."

त्या कपाचा असाही अर्थ होतो हे दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी घाईघाईने सांगायला लागले की मला रडू येत होतं, घशाखाली काही उतरत नव्हतं, तुमच्या हातचा चहा म्हणून नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

"तेही दिसत होतं," सर म्हणाले. "दोन्ही अर्थ लागत होते. मी मला बरा वाटला तो घेतला. चला, मागचा रागवून राहिला."

सभागृहात शेकडो माणसं होती. शपथ घेणारे खाली आणि आम्ही वर गॅलरीत. सिंधूताई पांढऱ्या युनिफॉर्ममध्येच धावत आल्या आणि माझ्याशेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी उजवा हात वर केला. जुन्या देशाशी असलेली निष्ठा सोडतो, अशा अर्थाच्या ओळी सुरुवातीलाच येतात. मी सरांकडेच बघत होते. त्या ओळींना त्यांचे ओठ मिटलेले होते. सगळ्या सभागृहाचा आवाज त्यांना मागे टाकून पुढे गेला. मग पुढच्या ओळीला ते त्यात मिसळले आणि शेवटपर्यंत स्पष्ट म्हणत राहिले. सिंधूताईंनीही ते पाहिलं असणार. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "राहू दे. तेवढं राहू दे त्यांचं."

अनिताने शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना सरांबद्दल सांगितलं होतं. त्या बाई एकदा लायब्ररीत येऊन मागच्या रांगेत बसून गेल्या. त्यांच्या ओळखीने सरांना ॲडल्ट स्कूलमध्ये, म्हणजे मोठ्या माणसांच्या शाळेत, वर्ग मिळाला, नव्याने आलेल्या लोकांसाठी, आठवड्यातून तीन संध्याकाळी. सिंधूताई सांगायच्या की त्या दिवसांत ते ऑफिसातून पळत सुटायचे आणि गाडी मधल्या लेनमधून चालवायचे. आमचा शनिवार बंद झाला. पुढे सिंधूताईंना व्हर्जिनियात मोठी नोकरी मिळाली आणि दोघं तिकडे गेली. निघताना भेट व्हायची होती, ती काही ना काही कारणाने राहिली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, एकोणनव्वदच्या वसंतात. टायपिंगच्या वर्गाला नाव घालायला मी ॲडल्ट स्कूलमध्ये गेले होते. काउंटरपाशी रांग होती, आणि रांग जिथे वळत होती तिथे एका वर्गाचं काचेचं दार होतं. आत वीसेक माणसं. मेक्सिकन, व्हिएतनामी, डोक्याला रुमाल बांधलेल्या दोन अफगाण बायका, सिमेंटचे डाग पडलेले बूट घातलेला एक तरुण. प्रत्येकाच्या पुढे एकेक कागद होता आणि कोणीच बोलत नव्हतं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. मग त्यांनी घड्याळाकडे पाठ केली, एक खुर्ची ओढली आणि समोर न बसता त्या लोकांच्यामध्ये जाऊन बसले. पुढच्या बाकावरच्या एका व्हिएतनामी आजीबाईंनी हात वर केला. त्यांना इंग्रजी अवघड जात असणार, शब्द शोधत होत्या. सर पुढे वाकले, कानामागे हात धरला, आणि त्या बोलेपर्यंत तसेच थांबले.

काचेतून मला काही ऐकू येत नव्हतं. रांग पुढे सरकली, मागच्या बाईंनी मला हलकेच सांगितलं, आणि मी दार न वाजवता पुढे गेले.